चित्रना बी पैसा लागतस का?

हा प्रश्न आपल्या भागात चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. कधी अहिराणीत, कधी लेवा बोलीत, कधी शुद्ध मराठीत. विचारणारा वाईट माणूस नसतो. त्याला मनापासून आश्चर्य वाटलेलं असतं. पुस्तक छापायचं तर छपाईचे पैसे लागतात हे त्याला माहीत असतं. डीटीपीवाल्याचे, कागदाचे, बाइंडिंगचे, प्रकाशन समारंभाच्या शाल-श्रीफळाचे, प्रमुख पाहुण्याच्या गाडीच्या डिझेलचे, सगळे पैसे त्याने धरलेले असतात. चित्राचे धरलेले नसतात. "तुमच्या कॉलेजची पोरं देतील ना काढून दोन-चार?"

आता तर पोरांचीही गरज राहिली नाही असं लोकांना वाटू लागलंय. मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या की चित्र येतं. २०२५ च्या मार्चमध्ये अख्ख्या देशाचे डीपी घिबलीच्या रंगात निघाले होते, त्यात आपले जळगाव-धुळेकरही मागे नव्हते. मजा म्हणून ठीक आहे. पण तेव्हापासून बघतोय, आपल्याकडच्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ, शाळेचा वार्षिक अंक, केळीवरच्या रोगाचं माहितीपत्रक, नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर, सगळीकडे तेच गुळगुळीत, चकचकीत, कुणीच न काढलेलं चित्र.

मी एका कला महाविद्यालयात इलस्ट्रेशन शिकवतो, आणि वेळ मिळेल तशी कामंही घेतो. त्यामुळे यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी पुढचं वाचा. कारण मुद्दा फक्त आमच्या पोटाचा नाही.

आधी केळीचंच बघू. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलच्या कुठल्याही पोराला विचारा, घड झाडावर कसा असतो. दांडा खाली लोंबतो, टोकाला कमळ, म्हणजे केळफूल, आणि फण्यांमधली केळी मात्र वर वळलेली असतात. मशीनला हे सांगून बघा. बऱ्याचदा फळवाल्याच्या गाडीवर ठेवलेली फणी तशीच उचलून झाडाला चिकटवलेली येते. टोकं खाली आणि कमळ गायब. बट्टी सांगितली तर पाव येतो. नऊवारी सांगितली तर कुठल्या तरी मालिकेतली नटी येते. पावरा बाई सांगितली तर जगातली कुठलीही 'आदिवासी' बाई येते, पिसं लावलेली. आणि दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं मागितली की काना-मात्रा-वेलांट्यांचा असा काला होतो की वाचणाऱ्याला चक्कर यावी.

हे सगळं उद्या सुधारेल, मान्य. मशीन रोज शिकतंय. पण ते कशावरून शिकतं? जगात जी चित्रं आधीच भरपूर आहेत त्यावरून. आणि खानदेशाची चित्रं भरपूर नाहीत, कारण ती काढलीच गेली नाहीत. कानबाईचे रोट, आखाजीचा झोका, सारंगखेड्याचा घोडेबाजार, कपाशी वेचणाऱ्या बायकांच्या कमरेची ओटी, पांझरेचा पूर, कांदेबाग आणि मृगबागेतला फरक. यातलं किती आपण नीट, बघून, कागदावर उतरवलंय? मशीनला दोष देणं सोपं आहे. आपली पाटी आपणच कोरी ठेवली.

इथे माझ्या क्षेत्राकडे वळतो, कारण दुसऱ्यांना सुनावण्याआधी घरातलं बोललं पाहिजे.

इलस्ट्रेशन म्हणजे बोधचित्र. मजकुराशेजारी बसणारं आणि मजकुरात नसलेलं काहीतरी सांगणारं चित्र. नुसतं 'राम वनात गेला' या वाक्याखाली वनात जाणारा राम काढणं म्हणजे बोधचित्र नव्हे. कोण मागे वळून बघतंय, कुणाची पावलं जड आहेत, हे वाक्यात नाही, ते चित्राने सांगायचं. हे शिकवायला वेळ लागतो, वाचन लागतं, आणि बघणं लागतं.

आपल्याकडे ते शिकवलं कसं जातं? शाळेपासून बघा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेले कितीतरी जण ही पोस्ट वाचत असतील. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन आणि स्मरणचित्र. हे स्मरणचित्र म्हणजे खरं तर बोधचित्राची पहिली पायरी. विषय द्यायचा, 'आठवडी बाजार', आणि पोराने आपल्या आठवणीतून तो उभा करायचा. किती सुंदर कल्पना आहे! पण प्रत्यक्षात काय होतं? गाइडमधल्या तीन आकृत्या पाठ केल्या जातात. एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई, एक पाठमोरा माणूस, एक बसलेला म्हातारा. बाजार असो, बसस्टॉप असो की पाणवठा, हेच तिघे हजर. दहावीला वाढीव गुण मिळतात, घरचे खूश. पण पोराला आपल्याच गावचा बाजार आठवून काढायची वेळ कधी आलीच नाही.

तोच पोरगा पुढे उपयोजित कलेला येतो. तिथे इलस्ट्रेशनचं सबमिशन असतं. ठरलेल्या शीट्स, ठरलेल्या तारखा. गोष्ट वाचायच्या आधी पोरं पिंटरेस्ट उघडतात. सुरेख काम करतात, हात चांगला असतो, खोटं नाही बोलणार. पण झाडं युरोपातली, घरांना धुराडी, आणि गोष्ट असते अमळनेरची. परीक्षा होते, मार्क मिळतात, शीट माळ्यावर जाते. ते चित्र कुणी वाचक कधी बघत नाही. वाचकापर्यंत न गेलेलं बोधचित्र म्हणजे शेतात न उतरलेलं बियाणं.

आणि हे सगळं कुठे घडतंय? अजिंठ्यापासून साठेक किलोमीटरवर. जगभरातली माणसं अजिंठ्याला जायला जळगाव स्टेशनवर उतरतात. आपण अजिंठ्याला 'भित्तिचित्र', 'वारसा', 'सहल' म्हणतो. माझ्या मते ती बोधचित्रांची सगळ्यात मोठी शाळा आहे. सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक बघा. एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, चौकटी नाहीत, कॉमिकसारख्या रेघा नाहीत. अजिंठ्याच्या काही भिंतींवर प्रसंग काळाच्या क्रमाने लावलेलेच नाहीत, जागेप्रमाणे लावलेत. राजवाड्यात घडलेलं एकीकडे, जंगलात घडलेलं दुसरीकडे. बघणाऱ्याने चालत चालत गोष्ट जोडायची. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणीतरी हा निर्णय घेतला होता. आमच्या वर्गात हा निर्णय चर्चेला आला तर एका तासात पोरांना पानाची मांडणी कळते.

या लेण्यांशी आपल्या भागाचं आणखी एक नातं आहे. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याची चित्रं उतरवायच्या कामावर नेमलं गेलं. त्याने वर्षानुवर्षं काम केलं. त्याच्या मोठमोठ्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा हाती घेतलं. मध्ये खंड पडत १८८५ पर्यंत ते चाललं. त्या चित्रांतलीही बरीच लंडनला १८८५ च्या आगीत गेली. उरलेली आजही तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्सचं दोन खंडांचं पुस्तक १८९६-९७ मध्ये निघालं.

हे काम निर्दोष नव्हतं. भिंतींना वार्निश लावून मूळ चित्रांचं नुकसानही त्यात झालं. सरकार परकं, पैसा परका, चित्रं गेली परदेशी. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्सचं. त्या पोरांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे मोठे चित्रकार म्हणून नावाजले, बाकीच्यांची नावं आज किती जणांना माहीत आहेत? हा श्रेयाचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

पण शिकवण्याच्या दृष्टीने बघितलं तर त्यात तीन गोष्टी होत्या ज्या आपल्या आजच्या वर्गात नाहीत. एक, शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांच्या बाजूला उभा राहून काम करत होता. दोन, काम खोटं नव्हतं. ते छापलं जाणार, बघितलं जाणार होतं. तीन, घाई नव्हती. एका भिंतीपुढे माणूस दिवसेंदिवस बसत होता. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, फर्दापूरच्या डोंगरात, सोयीसुविधा नसताना हे झालं. आज फोर-लेन रस्ता आहे आणि आमची सहल सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते, दोनशे सेल्फी घेऊन.

बघण्याचं महत्त्व सांगायला मी वर्गात एक उदाहरण देतो. आपल्या बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता सगळ्यांना पाठ असते. तिच्यासाठी चित्र काढा म्हटलं की पोरं काय काढतात? एक चिमणी आणि एक घरटं. आता असोद्याच्या बाजूला पावसाळ्यात जाऊन बघा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला घरटी लोंबत असतात, आणि विणणारा पक्षी असतो पिवळ्या डोक्याचा. तो नर असतो! विणीच्या काळात नरच विणतो. अर्धवट झालेलं घर मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर संसार. आणि मराठीत नाव मात्र 'सुगरण'. कवितेतली ती आई आहे.

आता सांगा, चित्रात काय काढायचं? पिवळ्या डोक्याचा नर काढला तर निसर्गाशी प्रामाणिक, कवितेशी फटकून. मादी विणताना काढली तर उलटं. की विणणं दाखवायचंच नाही, फक्त लोंबतं घर आणि आतून डोकावणारी चोच? या एका प्रश्नावर वर्ग दोन तास भांडतो. ते भांडण म्हणजे इलस्ट्रेशनचा खरा तास. मशीन हा प्रश्न विचारत नाही. ते पटकन एक गोड पक्षी देऊन मोकळं होतं. आणि बाभळीखाली उभं न राहिलेला विद्यार्थीही विचारत नाही. म्हणजे मशीनमुळे धोका त्यालाच आहे, ज्याला आम्ही मशीनसारखं शिकवलं.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. जो स्वतः काम करत नाही त्याने हे शिकवावं कसं? प्रकाशकाने तीन वेळा चित्र परत पाठवलं की काय करायचं, छपाईत निळा रंग बसतो तेव्हा कसा सांभाळायचा, लेखकाला 'हे चित्र बदलणार नाही' हे न दुखावता कसं सांगायचं, हे पुस्तकात नसतं. कामात असतं. आमच्या बऱ्याच कला महाविद्यालयांत वर्ग चालतात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर. त्यांना मानधन तुटपुंजं, तेही उशिरा. जे कायम आहेत त्यांच्यावर कागदांचा ढीग. शिक्षक बाहेरचं काम करतो म्हटलं की लगेच कुजबुज, 'शिकवायचं सोडून धंदा करतो.'

या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. वर्ग सोडून कामं करणारे असतात. पण त्यावर उपाय काम बंद करणं हा नाही, काम वर्गात आणणं हा आहे. डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजला दवाखाना जोडलेला असतो आणि शिकवणारे तिथे पेशंट तपासतात. त्याला कुणी धंदा म्हणत नाही. मग बोधचित्र शिकवणाऱ्या कॉलेजला पुस्तक, अंक, माहितीपत्रक का जोडलेलं नसावं?

आणि कामाला तोटा आहे का? आपल्या भागात ठिबक सिंचन आहे, बियाण्यांची पाकिटं आहेत, केळी-कापसावरची माहितीपत्रकं आहेत, मसाल्याच्या पुड्या आहेत. अहिराणीत लिहिणारे नवे लेखक आहेत. मातृभाषेतून शिकवा असं राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० पासून सांगतंय. मग सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या पोराच्या पहिल्या पुस्तकातली चित्रं कोण काढणार? पुण्यात बसलेला माणूस की चोपडा-शिरपूरच्या बाजूचा, ज्याने ते घर आतून बघितलंय? त्या पोराला अजून अक्षर वाचता येत नाही. त्याचं पहिलं वाचन चित्राचंच असतं. त्यात त्याची आई त्याच्या आईसारखी दिसली नाही तर पुस्तक त्याचं होत नाही. इतकं साधं आहे हे.

मराठीत ही परंपरा होती, हेही विसरू नका. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' अंक काढला. त्यांची आणि मुळगावकरांची चित्रं आपल्या आजी-आजोबांच्या घरात कॅलेंडर होऊन भिंतीवर होती. शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकाला चित्रं दिली आणि आकडेमोडीला घाबरणारी पोरं हसली. वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर, आणि चित्रं अशी की पुस्तक आठवलं की आधी चित्र आठवावं. आणि आपल्या चाळीसगावात केकी मूस टेबलावर वाळू-काड्या मांडून अख्खा देखावा उभा करत आणि त्याचं छायाचित्र काढत. मोठ्या शहराशिवाय काही होत नाही म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर.

आता पैशाचा आणि नावाचा मुद्दा. एका संस्थेने माझ्या एका विद्यार्थिनीकडून मुलांच्या पुस्तकाची बारा चित्रं काढून घेतली. मानधन 'बघू' म्हणाले. पुस्तक आलं, मुखपृष्ठावर लेखक, आत प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, सगळ्यांची नावं. हिचं नाही. विचारलं तर म्हणाले, "तुला अनुभव मिळाला ना!" अनुभव किराणा दुकानात चालत नाही, भाऊ.

चित्र काढणाऱ्या पोरांनी कायदा थोडा समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा पहिला मालक साधारणपणे काढणाराच असतो. पण मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या पेंटिंग किंवा पोर्ट्रेटच्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा मालक ठरतो. हे कलम १७. म्हणून काम सुरू करायच्या आधी एका कागदावर लिहून घ्या. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हे कलम १९. आणि हक्क विकले तरी 'हे चित्र मी काढलंय' म्हणण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो, कलम ५७. म्हणजे नाव टाकणं ही मेहरबानी नाही. किती कॉलेजांत हे शिकवलं जातं? रंगछटा शिकवायला वेळ असतो, हे शिकवायला एक तास नसतो.

'छोट्या प्रकाशकाकडे पैसे कुठून येणार?' हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे बरीच पुस्तकं लेखक पदरमोड करूनच काढतात. त्यांना मी एवढंच म्हणेन, वीस चित्रं घेऊ नका, चार घ्या. चारच पण बघून काढलेली. पैसे कमी असतील तर कमी सांगा, पण आधी सांगा. पाच शाली कमी करा. आणि नाव टाका, त्याला शाईसुद्धा जास्त लागत नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत:

१. जळगाव, धुळे, चोपडा आणि आसपासच्या कला महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या इलस्ट्रेशनच्या कामात निदान एक काम खरं घ्यावं. खरा लेखक, खरी छपाई, लेखी करार, थोडं का होईना मानधन.

२. शिक्षकाचं छापून आलेलं काम हे त्याचं शैक्षणिक काम धरावं. सेमिनारच्या प्रमाणपत्राला जे वजन आहे तेवढं तरी.

३. अजिंठ्याला सहल नको, मुक्काम हवा. एक भिंत, एक वही, तीन दिवस. मोबाइल बॅगेत.

४. साहित्य संमेलनं आणि वाचनालयं पुस्तकांना पुरस्कार देतात. त्यात एक बोधचित्रासाठी ठेवा.

५. शाळांमध्ये चित्रकलेचा शिक्षक ठेवा. शंभरावर मुलं असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळेला अंशकालीन कला निदेशक द्यावा असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. तुमच्या गावच्या शाळेत आहे का, एकदा जाऊन विचारा.

मशीन वापरू नका असं मी म्हणणार नाही. आमची पोरंही वापरतात, मीही कधी मांडणी तपासायला वापरतो. पण जिथे आपलं माणूस, आपलं शेत, आपली भाकरी दाखवायची आहे तिथे आधी कुणीतरी बांधावर जाऊन बघितलेलं असलं पाहिजे. घड उलटा लागलेलं माहितीपत्रक शेतकऱ्याच्या हातात पडलं की तो आतला मजकूरही खरा धरत नाही. "याले केळी माहीत नाही, हा मले काय सांगीन?" आणि त्याचं बरोबरच असतं.

खाली कमेंटमध्ये एक काम करा. खानदेशात चित्रं काढणारा, तुमच्या माहितीतला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना टॅग करा, त्यांची हरकत नसेल तर. आणि ज्यांचं पुस्तक, अंक, पत्रक यंदा निघणार आहे त्यांनी तिथूनच त्यांच्याशी बोला. सुरुवात 'किती पैसे घेशील?' या प्रश्नाने करा. पुढचं आपोआप नीट होतं.